पाणी काढलंय, चल: डिमेन्शिया झालेल्या माणसाला आंघोळ घालताना

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही की नर्स नाही. आईला अल्झायमर्स आहे, म्हणजे डिमेन्शियाचाच (स्मृतिभ्रंशाचा) एक प्रकार, निदान होऊन सहा वर्षं झाली आणि त्यातली चार वर्षं तिची आंघोळ हे माझं काम आहे. डोंबिवलीत वन बीएचके, बाथरूम एवढंसं की दोघं आत शिरलो की दार लावायला एकाला आधी अंग चोरून उभं राहावं लागतं. ज्यांच्या घरी हे आत्ता आत्ता सुरू झालंय आणि आंघोळीचं नाव काढलं की सकाळी सकाळी रणकंदन होतंय त्यांच्यासाठी लिहितोय.

पहिल्या दिवशी मी काय केलं ते ऐका, म्हणजे काय करू नये ते आपोआप कळेल. आठ दिवस आंघोळ नव्हती, वास यायला लागला होता, मला ऑफिसला जायचं होतं. गिझर लावला, आईला हाताला धरून नेलं, गाऊन डोक्यावरून काढला, प्लास्टिकच्या स्टुलावर बसवलं आणि आपण स्वतः करतो तसं पहिला तांब्या सरळ डोक्यावर. आई जी किंचाळली, "मेले गं! कोण आहेस तू, सोड मला" आणि माझ्याच हातातला तांब्या ओढून माझ्या कपाळात घातला. शेजारच्या काकू बेल वाजवत होत्या, मी ओल्या कपड्यांत दार उघडलं तर कपाळातून रक्त येतंय आणि आतून आई ओरडतीये. त्या बाईंच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी अजून विसरलो नाही.

म्हणून पहिली पायरी बाथरूमची नाहीच, शेजाऱ्यांची आहे. शेजारी, वॉचमन, कामवाल्या बाई, सगळ्यांना सरळ सांगून टाका की आमच्याकडे हा आजार आहे, आवाज येईल. लाजू नका. आपल्या देशात साठीच्या पुढच्या साधारण ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालाय, मी सांगायला लागल्यावर आमच्याच विंगमध्ये अजून दोन घरं निघाली.

नाही का म्हणतात

आपल्याला वाटतं हट्ट आहे, आळस आहे. तसं नसतं हो. आंघोळ हे आपल्याला एक काम वाटतं पण मोजून बघा, कपडे काढायचे, पाणी बघायचं, विसावण (गार पाणी) घालायचं, बसायचं, साबण, घासणं, धुणं, पुसणं, परत कपडे, यातली पुढची पायरी कुठली हेच मेंदूला सापडत नाही, आणि मग माणूस काय करतो, सरळ "माझी झाली आंघोळ" म्हणून मोकळा होतो. त्याला ते खरंच वाटत असतं. खोटं बोलत नसतो.

त्यात डोळे ठीक असले तरी काय किती खोल, किती लांब हे मेंदूला कळेनासं होतं. भरलेली बादली विहिरीसारखी वाटू शकते, काळी पायपुसणी म्हणजे जमिनीतलं भोक वाटतं, पांढऱ्या टाइल्सवर पांढरं स्टूल दिसतच नाही. वरून शॉवरचं पाणी आलं की कोण मारतंय असं वाटतं. आरशात कोणीतरी म्हातारी बाई उभी असते आणि तिच्यासमोर कपडे काढायचे? आमच्याकडे हे झालंय, आई "त्या बाईंना जाऊ दे मग" म्हणायची आणि मी म्हणायचो कोण बाई. दोन महिन्यांनी डोक्यात प्रकाश पडला आणि आरशावर जुना टॉवेल टाकला.

थंडीही जास्त वाजते. सांधे दुखत असतात पण दुखतंय हे सांगता येत नाही, हात वर उचलला की ओरडतात आणि आपण म्हणतो नाटकं. खांदा-गुडघा धरलेला असेल तर डॉक्टरांना विचारून घ्या, आंघोळीच्या अर्धा-पाऊण तास आधी वेदनाशामक दिलं तर चालेल का, आईच्या बाबतीत त्याने निम्मा आरडाओरडा गेला.

आणि सगळ्यात मोठं कारण लाज. हे मला कळायला माझ्या मावशीचा फोन यावा लागला. मी रडकुंडीला येऊन तिला सगळं सांगत होतो तर ती म्हणाली, अरे तू तिचे कपडे काढतोस? आम्ही श्रीवर्धनला परसातल्या न्हाणीत आंघोळ करायचो, नुसता झावळ्यांचा आडोसा, दार नाही काही नाही, परकर छातीशी बांधायचा आणि त्याच्यावरूनच पाणी घ्यायचं, ओलेत्यानं आत यायचं आणि मग बदलायचं. तुझ्या आईने जन्मात कधी उघड्या अंगाने आंघोळ केलेली नाही.

म्हणजे मी तिला जी आंघोळ घालत होतो ती माझी होती, तिची नव्हतीच. यानंतर मी जे काही बदललं ते सगळं या एका फोनमधून निघालंय. तुम्हीही सुरू करायच्या आधी भावंडांना, जुन्या शेजाऱ्यांना विचारा: पूर्वी आंघोळ कधी करायचे, चहाच्या आधी की नंतर, पाटावर बसून की उभ्याने, साबण कुठला, डोक्याला तेल कधी, गार पाणी की कढत, आंघोळ झाली की पुढे काय करायचे. मिलिटरीतून रिटायर झालेला माणूस पहाटे पाचला गार पाण्याने करत असेल, गिरणीत सेकंड शिफ्ट केलेला माणूस दुपारी. त्याच वेळेला जमतंय का बघा.

रोज घालायलाच पाहिजे का

नाही. आपल्याकडे आंघोळ केल्याशिवाय चहा नाही, देवाला हात लावायचा नाही अशी घरं असतात, पारोसं राहिलं की नातेवाईक नाकं मुरडतात. पण आठवड्यातून दोन-तीन पूर्ण आंघोळी पुरतात, म्हाताऱ्या कोरड्या त्वचेला तर रोजचा साबण उलट त्रासच देतो. रोज काय करायचं तर तोंड, हात, काखा, छातीखालची घडी, जांघा आणि शी-शूची जागा ओल्या कपड्याने स्वच्छ करून कोरडी करायची. डायपर असेल तर ती जागा प्रत्येक वेळी. आम्ही सोम-गुरु-शनि ठरवलेत आणि जमलं नाही तर दुसऱ्या दिवशी. हे एकदा मान्य केलं की तुमच्या स्वतःच्या डोक्यावरचं अर्धं ओझं जातं, आणि तुम्ही घाईत नसलात की समोरचा माणूसही कमी बिथरतो. हे मी शंभर टक्के सांगतो.

बाथरूम

यात कंजुषी करू नका. खुब्याचं हाड मोडलं तर मग आंघोळीचा प्रश्नच उरत नाही, माणूस पलंगालाच लागतो.

प्लास्टिकचं स्टूल आधी फेकून द्या, ते हलकं असतं आणि माणूस एका बाजूला कलला की सटकतं. पाठ आणि हात असलेली, खाली रबरी बूच असलेली आंघोळीची खुर्ची सर्जिकलच्या दुकानात मिळते, मध्ये भोक असलेली घेतली तर खालून धुणं सोपं जातं. पाटाची सवय असली तरी पाट नको, त्या वयात खालून उठवणं तुम्हालाही जमणार नाही. मी काय केलं, खुर्चीवर पाटाच्या मापाचं लाल रबरी आसन टाकलं, लाल अशासाठी की पांढऱ्या फरशीवर ते आईला लांबूनही दिसतं.

पकडायला स्टीलचा दांडा भिंतीत ड्रिल करून पक्का बसवून घ्या, एक खुर्चीजवळ, एक कमोडजवळ. टॉवेलचा रॉड म्हणजे दांडा नव्हे, तो माणसाचं वजन घेत नाही आणि घसरताना हात नेमका त्यालाच जातो. अँटी-स्किड मॅट टाका पण एका रंगाची, डिझाइन नको, काळी तर अजिबात नको. आतली कडी काढून टाका. एकदा आई आत कडी लावून बसली आणि उघडायची कशी ते विसरली, आम्ही सुताराला बोलवून दार उचकटलं तोवर चाळीस मिनिटं ती आतून "दार उघडा रे" म्हणत दार ढकलत होती.

पाण्याचं जरा नीट वाचा. गिझरचं थर्मोस्टॅट कमी करून ठेवा, ६० डिग्रीच्या पाण्याने काही सेकंदांत भाजतं आणि या लोकांची कातडी कागदासारखी झालेली असते, वर कढत लागलं तरी पटकन हात मागे घेत नाहीत. आधी गार पाणी, मग त्यात गरम, आणि कोपर बुडवून बघा, आपली बोटं निबर असतात, त्यांना कळत नाही. साधारण ३७-३८ डिग्री, म्हणजे कोपराला ना गार ना गरम. पाणी तापवायच्या हीटिंग रॉडची बादली या माणसाच्या वाटेत कधीही ठेवू नका, स्विच बंद आहे की चालू हे त्यांना कळत नाही, थेट हात घालतील. आणि गॅस गिझर बाथरूमच्या आत असेल तर तो आधी बाहेर काढा. खिडकी बंद करून, दार लावून, ऊब राहावी म्हणून आपण तासभर आत बसणार आणि तेवढ्यात आत कार्बन मोनॉक्साइड साठणार, त्याला वास नसतो, गुंगी येतेय हे सुद्धा कळत नाही.

साबण, कपडे, टॉवेल, तेल, डायपर, सगळं आधी आत. एकदा माणूस ओला झाला की टॉवेल आणायला सुद्धा बाहेर जायचं नाही. पंखा बंद.

बोलवायचं कसं

"आंघोळ करायची का?" असं कधीच विचारू नका. उत्तर ठरलेलं आहे. "किती दिवस झाले, वास येतोय" तर अजिबातच नाही, तो अपमान आहे आणि आजारात शब्द विसरतात पण अपमान झाल्याची बोच दिवसभर राहते.

आमच्याकडे जे चालतं ते एकच वाक्य. "आई, पाणी काढलंय."

बस. पुढे काही नाही. हे वाक्य तिने साठ-सत्तर वर्षं ऐकलंय आणि म्हटलंय. पाणी काढलंय म्हणजे उठायचं, नाहीतर गार होईल, लाकडं वाया जातील, मागचे खोळंबतील. डोक्याला कळायच्या आधी पाय उठतात. तुमच्या घरातलं असं वाक्य कुठलं ते शोधा, विदर्भात, खानदेशात, गोव्यात ते वेगळं असेल, पण असतं नक्की. काही जणांना पुढच्या गोष्टीचं आमिष चालतं: "भटजी येतायत", "बँकेत जायचंय ना", "मुलगी येणारे आज". मी खोटं शक्यतो सांगत नाही, कारण नंतर आई दिवसभर भटजींची वाट बघते.

"झाली माझी" म्हणाली तर वाद नाही. "बरं, झाली का? मग पाय तेवढे धुऊ, भेगा पडल्यात" आणि पायांपासून सुरुवात. पायांना कोणी नाही म्हणत नाही. तरीही नाही म्हटलं तर सोडून द्या, वीस मिनिटांनी परत जा, तोपर्यंत आधीचं "नाही" बऱ्याचदा विसरलेलं असतं, हा या आजाराचा एकमेव फायदा. संध्याकाळी मात्र नादी लागू नका, दिवेलागणीला बऱ्याच जणांची घालमेल वाढते.

आत गेल्यावर

आता प्रत्यक्ष. मी क्रमाने सांगतो, तुम्ही तुमच्या माणसाप्रमाणे फिरवून घ्या.

आत गेल्यावर आधी बसवायचं, कपड्यांसकट. मग एक जुना सुती परकर डोक्यावरून घालून छातीशी सैल नाडी बांधायची आणि त्याच्या आतून गाऊन काढून घ्यायचा. नाडी घट्ट नको, ओली झाली की सुटत नाही. पुरुषांना कमरेला पंचा आणि खांद्यावर टॉवेल. चष्मा राहू द्या, कानाचं यंत्र काढावं लागतं पण पाण्याच्या अगदी आधी काढा, सगळं बोलून झाल्यावर, नाहीतर तुम्ही काय सांगताय ते ऐकूच जाणार नाही आणि म्हणून घाबरतील.

तिच्या हातात काहीतरी द्या. मी तांब्या देतो, तोच तो, ज्याने माझं कपाळ फोडलं होतं. रिकामा हात दांडा धरून बसतो नाहीतर तुमचा हात ढकलतो, कामात असलेला हात तसं करत नाही. स्वतःचं तोंड, छाती, मांड्या जेवढं जमेल तेवढं तिचं तिला करू दे, हातावर हात ठेवून सुरुवात करून द्यायची आणि सोडायचं, बऱ्याचदा हात पुढचं आपलं आपण करतो. दहा मिनिटं जास्त लागतात. लागू देत.

पहिलं पाणी पायावर. "आई, पायावर पाणी घालतोय" असं बोलून, मग घालायचं. मग गुडघे, मग हात, मग पाठ. एका वेळी एकच वाक्य, "हात पुढे कर", आणि हात पुढे आल्यावरच दुसरं. "हात पुढे कर आणि जरा वळ आणि इकडे बघ" म्हटलं की संपलं. हँडशॉवर असेल तर बारीक धारेवर, अंगाला चिकटवून, लांबून फवारा नको. नसेल तर तांब्या उत्तमच, त्यांना तोच ओळखीचा आहे.

पहिला तांब्या पायावर पडला की मी म्हणतो, "गंगे च यमुने चैव". आणि आई पुढे "गोदावरि सरस्वति, नर्मदे सिंधु कावेरि" पूर्ण म्हणते, एक शब्द न चुकता, जिला माझं नाव आठवत नाही ती. पाठ केलेलं, लयीतलं असं उशिरापर्यंत टिकतं. तुमच्याकडे अभंग असेल, हरिपाठ असेल, जात्यावरची ओवी असेल, नुसतं हर हर गंगे असेल, नाहीतर रेडिओवरचं गाणं, जे असेल ते. तेवढ्या वेळात मी पाठ उरकतो.

साबण अंगभर नको, काखा, जांघा, पाय, बास. बाकी नुसतं पाणी. खसाखसा घासायचं नाही, दगड तर नाहीच, कातडी सोलवटते. मऊ जुना सुती कपडा हातावर मोज्यासारखा गुंडाळून घ्या.

खालची जागा शेवटी. परकर तसाच ठेवून, खालून हात घालून, नजर दुसरीकडे ठेवून. बायकांचं पुढून मागे, उलट केलं तर लघवीचं इन्फेक्शन होऊ शकतं. आधी सांगायचं, "आता खाली धुऊन घेऊया" आणि पटकन उरकायचं, त्या वेळी गप्पा नकोत, हसणं नको. मुलाने आईचं, सुनेने सासऱ्यांचं करताना अवघडायला होतं, दोघांनाही. आई मला बऱ्याचदा तिचा दादा समजते, माझा मामा, मग तर तिला मेल्याहून मेल्यासारखं होतं. अशा दिवशी मी कपडा ओला करून तिच्याच हातात देतो, पाठ करून उभा राहतो आणि म्हणतो "तुझं तू कर". नीट होतं का? नाही. पण होतं. उरलेलं नंतर पलंगावर डायपर बदलताना बघतो.

उठवताना घाई नको, गरम पाण्याने आणि एकदम उभं राहिल्याने चक्कर येते. आधी बसल्या बसल्या खांद्यावर कोरडा टॉवेल, त्याच्या आतून ओला परकर खाली सोडायचा, मग दांडा धरून उभं करायचं.

केस वेगळ्या दिवशी

आंघोळ आणि न्हाणं एकत्र करू नका. आपल्या बायका तरी कुठे रोज न्हायच्या, ठरलेल्या वाराला न्हायच्या. डोक्यावरून पाणी हीच बहुतेकांची सगळ्यात मोठी भीती असते आणि तिच्यापायी अख्खी आंघोळ बिघडते. आठ-दहा दिवसांतून एकदा, आदल्या रात्री खोबरेल चोळून, दुसऱ्या दिवशी कपाळावर घडी घातलेला नॅपकिन तिलाच धरायला सांगून, मान किंचित मागे करून मागूनच पाणी. शिकेकाईचा वास आला की आई जरा खुलते. केस कापून टाका असा सल्ला सगळे देतात, सोयीचं आहे खरं, पण मी नाही कापले. शेपटाएवढी वेणी उरलीये, ती घालताना ती शांत बसते.

पुसताना डोळे उघडे ठेवा

टॉवेलने टिपायचं. पायाच्या बोटांमध्ये, छातीखाली, जांघेत कोरडं झालंच पाहिजे, तिथेच बुरशी येते. आणि हीच वेळ असते अंग तपासायची: माकडहाड, खुबे, टाचा, कोपरं. तिथे लाल झालंय आणि बोटाने दाबून सोडलं तरी लाली जात नाही असं दिसलं तर बेडसोरची, म्हणजे दाब पडून होणाऱ्या जखमेची, सुरुवात समजा आणि डॉक्टरांना दाखवा, जखम व्हायची वाट बघू नका. सावळ्या अंगावर लाली दिसत नाही, तिथे जागा गरम, कडक किंवा काळपट लागते. डायबेटिस असेल तर तळपाय रोज. निळे डाग दिसले तर कुठे पडले, कोणी धरलं का, हे विचारायला लाजू नका.

मग अंग ओलसर असतानाच थोडं खोबरेल नाहीतर क्रीम, पण तळपायांना नाही, घसरतात. पावडरचे ढीग घड्यांमध्ये घालू नका, ओली होऊन गोळे होतात. कपडे पुढून उघडणारे. आणि लगेच चहा, इथे टाळाटाळ नको, आंघोळ म्हणजे शेवटी चहा हे जुळलं पाहिजे. आई चहा पिता पिता मला विचारते, "तुझी झाली का रे आंघोळ?" आणि मी नखशिखांत भिजलेला असतो.

नाहीच जमलं तर

असे दिवस येतात. ओरडायला, मारायला लागल्या तर थांबा. जबरदस्ती करून दोघांनी धरून आंघोळ घातली तर ती एक आंघोळ होते आणि पुढच्या दहा जातात. मी हे करून बघितलंय, बहिणीबरोबर, आणि महिनाभर आई बाथरूमच्या दारापाशी आली की चौकट धरून ठेवायची.

त्यापेक्षा पुसून काढा. खुर्चीत किंवा पलंगावर, अंगावर चादर पांघरलेली, गरम पाण्यात बुडवून पिळलेले मोठे नॅपकिन, एका वेळी एकच भाग उघडा करायचा, पुसायचा, कोरडा करायचा, झाकायचा. न धुता चालणारे साबण मिळतात, ते थोडेसे पाण्यात. लोक म्हणतात पुसून काय स्वच्छता होते. होते. २००४ मध्ये अमेरिकेत १५ नर्सिंग होममध्ये आंघोळीला बिथरणाऱ्या डिमेन्शियाच्या लोकांवर हेच करून बघितलं होतं, माणसाच्या कलाने घेऊन शॉवर एका बाजूला आणि गरम टॉवेलने पुसणं दुसऱ्या बाजूला, दोन्हींत मारामारी निम्म्याहून जास्त कमी झाली आणि अंगावरचे रोगजंतू काही वाढले नाहीत. आमच्याकडच्या नातेवाइकांना हे ऐकवल्यावर जरा शांतता झाली.

पलंगाला खिळलेल्या माणसाचंही असंच, खाली रबर शीट टाकायची, कुशीवर वळवायला दोघं लागतात, तोंडाचं पाणी वेगळं आणि खालच्या जागेचं वेगळं.

एक मात्र लक्षात ठेवा. आजवर नीट आंघोळ करणारं माणूस एक-दोन दिवसांत अचानक बिथरलं, झोपाळू झालं, काहीबाही बडबडायला लागलं तर तो आजार वाढला म्हणून गप्प बसू नका. लघवीचं इन्फेक्शन, ताप, शौचाला न होणं, औषध बदलणं, यातलं काहीही असू शकतं, त्याच दिवशी डॉक्टर. आणि तुमचाच हात उठायला लागला, ओरडायला लागलात, तर बाहेर या, दार उघडं ठेवून दोन मिनिटं बसा. मी बसलोय. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर चोवीस तास लागतो आणि मराठीत बोलता येतं, ज्येष्ठांच्या कामांसाठी एल्डरलाइनचा १४५६७ आहे.

दुसऱ्या कोणाच्या हाती देताना

मला आता आठवड्यातून एकदा ब्यूरोच्या ताई मदतीला येतात. पहिल्या ब्यूरोने पाठवलेल्या बाईंनी आल्या आल्या परकर काढून टाकला, "असं कुठं असतं का, साबण कसा लावणार" म्हणून, आणि आईने त्यांना चावा घेतला. चूक माझी होती, मी काही सांगितलंच नव्हतं. म्हणून आता बाथरूमच्या दाराला बाहेरून कागद चिकटवलाय, प्लास्टिकच्या पिशवीत घालून. त्यावर लिहिलंय: पाणी काढलंय म्हणा. आरसा झाकलाय का बघा. परकर काढू नये. आधी पाय. डोक्यावर पाणी नाही. डावा खांदा दुखतो, उचलू नये. गंगे च यमुने म्हणा, पुढचं त्या म्हणतात. झाल्यावर चहा, दोन चमचे साखर.

गेल्या महिन्यात बघितलं तर ताईंनी पेनाने खाली स्वतःची एक ओळ वाढवली होती. "आजी माझी पण पाठ धुतात, नाही म्हणू नये."